विणकरांच्या महालातली भुतं

माणूस भुताला भितो म्हणतात, पण चाळीत भुताची काय टाप? एका खोलीत आठ माणसं, बाहेर गॅलरीत झोपणारी वेगळी. भुताला उभं राहायला जागा तर हवी! त्यामुळे राक्षस, जादूगार, उडते घोडे हे सगळं माझ्या खेळात झकास चालायचं, पण भीती आणायला गेले आणि माझं हसं झालं.

खेळ असा की एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं व्हायचं. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी पुजारी. आपलं पात्र काय करतं ते ज्याने त्याने सांगायचं, आणि ते साधलं की फसलं हे फाशाने ठरवायचं. एका मित्राच्या मावसभावाने परदेशातून नियमांचं पुस्तक आणलं होतं, त्याची झेरॉक्स आम्ही पोथीसारखी वाचली. वीस बाजूंचा फासा लालबागेत कुठे मिळणार? मग मंडळाच्या हौजीतले वीसपर्यंतचे आकडे पिशवीत घालून त्यातून एक ओढायचो; जितका मोठा तितकं साधलं. गोष्ट मी सांगायचे, कारण माझा आवाज चढा होता आणि मी कोणाच्या बापाचं ऐकत नसे.

बसायचो त्याच मित्राच्या खोलीत, रविवारी दुपारी. त्याच्या घरी तो आणि त्याची आई, दोघंच. त्यांना आम्ही काकी म्हणायचो. खोलीच्या तुळईला टेकू लावलेले, भिंतीला ओल. थोरला मुलगा अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत राहायचा आणि दर सणाला विनवायचा, आई, आता तरी चल. काकी ठाम. मित्राचे वडील गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागावर, होते. संप लांबला तेव्हा 'गावाक जावन काय तरी बघतंय' असं सांगून निघाले, ते गावीही पोचले नाहीत आणि परतही आले नाहीत. मित्र तेव्हा शाळेतही जात नव्हता. आता तो कॉलेजात होता आणि काकींचं उत्तर तेच होतं, "ते इले आणि दाराक कुलूप दिसला तर?" ते आता येणार नाहीत हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण काकींना ते कोणी सांगितलं नव्हतं.

पुस्तकात भीतीसाठी दिलं होतं ते सगळं मी आधी करून पाहिलं. पडका किल्ला, शवपेटी, रक्त पिणारा सरदार. शवपेटी आमच्यात कोणी जवळून पाहिलेली नव्हती. "त्याला सांग, इथे पाणी प्यायला मिळत नाय, रक्त कुठून आणू?" असं चोर झालेला म्हणाला आणि सगळे खिदळले. माझं डोकं फिरलं. यांना घाबरवायचं तर यांच्याच घरातलं काहीतरी आणायला हवं, हे मला त्या रागात सुचलं.

पुढच्या रविवारी मी राज्यात विणकरांचा महाल आणला. राजाने तो केव्हाच बंद केलेला, पण आतल्या विणकरांना ते कोणी सांगितलंच नाही. मेले तरी ते मागावर उभे. कोणाला मारत नाहीत, धरत नाहीत. आत आलेल्याला फक्त विचारतात, "पाळी कधी सुटणार?" या वेळी कोणी हसलं नाही. प्रत्येकाच्या घरात गिरणी सुटल्यापासून एक तरी माणूस भर दिवसा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. तलवारीने हे विणकर मरत नव्हते. पिशवीतून वीस निघाला तरी नाही.

मित्र पुजारी झाला होता. तो म्हणाला, "मी गाऱ्हाणं घालतो." कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं म्हणायचं आणि हजर असेल त्या प्रत्येकाने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लहानपणापासून जीभ इतकी सरावलेली असते की झोपेतही माणूस म्हणेल. त्याने हात जोडले आणि थट्टेच्या सुरात, गावच्या चुलत्याची नक्कल करत सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आज ही पोरां तुझ्या पायाशी उभी हत, तेंच्या पाठीशी ऱ्हव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो.

"जो कोण मागार अडाकलो आसात, तेची सुटका कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण घरातसून निघालो आणि पोचाक नाय..." इथे त्याचा सूर बदलला. थट्टा कुठल्या कुठे गेली. तरी त्याने ओळ पुरी केली, "तेका आता मोकळो कर रे म्हाराजा."

मागून, चुलीशी सुकट निवडणाऱ्या काकींचा आवाज आला, "व्हय म्हाराजा."

सवयीने आलं असावं. बोलून गेल्यावर त्यांना कळलं, कारण सुपावरचा हात थांबला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "सॉरी गं आई, खेळ होता," असं काहीतरी मित्र पुटपुटला.

"थांबलंस कित्याक?" काकी म्हणाल्या. "गाराणा अर्ध्यार सोडूचा नसता. बापाशीचा नाव घे."

नवऱ्याचं नाव त्या स्वतः घेत नसत. ते मुलानेच घ्यायला हवं होतं. त्याला जमेना. मग त्याने नाव घेतलं, आडनावासकट. इतकी वर्षं त्या घरात जाऊन मी ते पहिल्यांदा ऐकत होते. आमच्याआधी काकीच म्हणाल्या, "व्हय म्हाराजा," आणि मग आम्हीही हळू आवाजात म्हटलं.

लोक मला नंतर म्हणाले, असला खेळ घरात खेळतात का? मला ते पाप कधीच वाटलं नाही, दुःख मात्र अजून वाटतं. काकी मोरीत जाऊन तोंड धुऊन आल्या. त्यांचं कुंकू तसंच होतं. माझी नजर आधी तिथेच गेली. पदराने हात पुसत त्या लेकाला म्हणाल्या, "मोठ्याक सांग, सामान नेवक टेम्पो घेवन ये."

मित्र तेव्हा रडला. खोलीत आम्ही सगळे बसलेलो असताना, लहान मुलासारखा, मोठ्याने.