अर्धविरामावर कुंकू

आमच्या जळगावच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर होता आणि त्याच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. त्यावर मी प्रोग्राम लिहायची. लिहायचा तो एडिटरमध्ये, निळ्याशार पडद्यावर, पिवळ्या अक्षरांत. काय सांगू, मला तो एडिटर भारी आवडायचा! कॉलेजात कागदावर खाडाखोड करून प्रोग्राम लिहिलेली मी. इथं मधली ओळ उडवली की खालच्या ओळी आपसूक वर सरकायच्या. सुरुवातीला तर मी उगाचच ओळी उडवून बघायची.

नानांना, म्हणजे माझ्या वडलांना, हे काही पटत नव्हतं. रावेरकडे आमची केळीची बाग. पोरगी शहरात खोली घेऊन राहते आणि दिवसभर बसून टिकटिक करते, हे कसलं काम? दसऱ्याला ते मला न्यायला आले, ते कायमचंच. माझं सामान भरायला रिकामी ट्रंकसुद्धा आणली होती. 

पण त्या दिवशी ऑफिसात पूजा होती, आणि दुपारनंतर कापसाच्या जिनिंगचे शेठ आमचा काटाचिठ्ठीचा, म्हणजे वजनाच्या पावतीचा, प्रोग्राम बघायला येणार होते. "तेवढं होऊ द्या, नाना," म्हटलं. साहेबांनी पूजेचा मान नानांनाच दिला. आणि नानांचा हात मोकळा! पोळ्याला बैल पुजावा तसा त्यांनी कीबोर्ड पुजला. हळद, कुंकू, अक्षता, वर पाण्याचा शिंतोडा. मी "अहो नाना" म्हणेपर्यंत सगळं बटणांच्या आत.

पुसपास केली. बाकीची बटणं चालली, अर्धविरामाचं तेवढं रुतलं ते रुतलंच. आम्ही ज्या भाषेत प्रोग्राम लिहायचो तिच्यात जवळजवळ प्रत्येक आज्ञेच्या शेवटी अर्धविराम लागतो. तो नसला की मशीन अडून बसतं. तरी प्रोग्राम तयार होता म्हणून मी निर्धास्त होते. तेवढ्यात शेठचा फोन! कापसाच्या ओलाव्यापोटी वजनातून कापलेली घट चिठ्ठीवर वेगळी दाखवा म्हणे. म्हणजे नव्या ओळी लिहिणं आलं. सणाची दुकानं बंद, दुसरा कीबोर्ड आणायचा कुठून? साहेबांनी कपाळावर हात मारला. नाना कोपऱ्यात तोंड एवढंसं करून बसले. "माह्यामुळंच झालं व माय," म्हणाले.

मला मात्र चेव आला. एका जुन्या ओळीतला अर्धविराम एडिटरमध्ये खूण करून धरला आणि त्याची नक्कल नव्या ओळीच्या शेवटी टाकली. जमलं की! मग काय, ओळ लिहायची आणि शेवटी अर्धविराम आणून लावायचा.

नानांनी खुर्ची ओढली. "हे काय करून राह्यली?"

"वरचा अर्धविराम खाली लावते."

"मंग वरचा गेला ना?"

"नाही, तो जागेवरच."

"अरे, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटलेले मुनवे लावतो तसं! मुनवा काढला तरी केळ जागेवरच."

त्यानंतर नाना राखणीलाच बसले. "तिथं राह्यला, तिथं!" जिथं अर्धविराम लागतच नाही तिथंही त्यांना तो हवाच. मी हसून हसून बेजार, आणि साहेबही हसायला लागले.

शेठ आले. प्रिंटर करकरला आणि चिठ्ठी बाहेर आली. घट वेगळ्या ओळीत, ठसठशीत. शेठनी मान डोलावली. नानांनी चिठ्ठी हातात घेऊन कितीतरी वेळ बघितली. "घट अशी उघडी दिसली तं शेतकऱ्याले बरं," म्हणाले. "हे तू केलं?"

"मीच," म्हटलं. इतका आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

साहेबांना आपट्याचं सोनं देऊन आम्ही निघालो. नाना माझ्या खोलीकडे न वळता सरळ बसस्टँडवर आले, मी मागोमाग. गाडी लागलेली होती. रिकामी ट्रंक माझ्या हातात होती. ती वर चढवायला मी पुढे झाले, तर नानांनी माझा हात धरला.

"राहू दे ती तुह्या खोलीवर," ते म्हणाले. "कपडे ठेवाले होईन. दिवाळीले ये चार दिवस."