जमिनीचा सध्याचा वापर

"ही आमची धनगराची पोर. आधी मेंढ्या वळायची, आता आमचे आराखडे बनवते," सर म्हणाले, आणि हॉलमधले सगळे हसले. पैसा देणाऱ्या कंपनीची माणसं होती ती. एका बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि "किती गोड" म्हणाल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

कुठल्या गावात कुठली झाडं लावायची, चारा किती निघेल, कुणाला विकायचा, याचे आराखडे करणं हे आमच्या संभाजीनगरच्या ऑफिसचं काम. सरांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शिकलेल्या. माझ्या घरात मी पहिली. सर म्हणतात ते बरोबरच असणार, असं मला मनापासून वाटायचं.

आमच्याच गावचा सर्वे चैत्रात झाला. फुलंब्रीच्या पलीकडं आमचं गाव. लागोपाठ दुसरा दुष्काळ. हर्सूल सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉटिंगचे बोर्ड. चरायला मोकळं रान उरलं होतं ते गावच्या गायरानातच, आणि तेही त्या दिवशी ओस होतं. असणारच. दिवाळी झाली की आमची माणसं मेंढरं घेऊन बाहेर पडतात. लोकांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवतात, त्याबदल्यात धान्य घेतात. पाऊस लागला की गायरानात परततात. हे मला कळतं तेव्हापासून ठाऊक.

फॉर्ममध्ये रकाना होता, जमिनीचा सध्याचा वापर. मी म्हणाले, "सर, आमचे लोक बाहेर गेलेत. पावसाळ्यात येतील."

"दिसतं ते लिही. तुझ्या बापाच्या मेंढ्यांसाठी वेगळा रकाना काढू का?"

सोबतचे दोघं हसले. मी मान खाली घातली आणि लिहिलं, वापर नाही. अक्षर छान आलं.

मृगात माझे वडील, आबा, परतले. गायरानाला तारेचं कुंपण पडलेलं, आत रोपांसाठी खड्डे. मेंढरं तारेला नाक लावून उभी होती. आबा मला म्हणाले, "ह्या रानात कुनी येत नाय, असं कुनी सांगितलं गं? तू हापिसात असती, इचार की."

"इचारते," मी म्हणाले.

त्या पावसाळ्यात त्यांनी अर्धा कळप विकला. मला ऑफिसात एसीच्या आवाजातही मेंढरांचं ओरडणं ऐकू यायला लागलं. जेवायला बसले की आबांना खरं सांगायला तोंड उघडायची आणि त्यात घास कोंबायची. मला माझीच भीती वाटायची.

पुढच्या चैत्रात कन्नडकडच्या एका गावाचा सर्वे लागला. पुन्हा ओस गायरान. सरांनी फॉर्म पुढं केला, "मागच्यासारखंच भर." या वेळी मी पायाखाली बघितलं. वाळलेल्या लेंड्यांचा थर. तीन दगडांची चूल, काळी पडलेली. कुणीतरी इथं राहत होतं, परत येणार होतं. मी लिहिलं, मेंढपाळांचं चराईचं रान, माणसं बाहेर गेली आहेत.

"हे खोड."

"नाही खोडणार."

"मग उद्यापासून मेंढ्या वळायला जा."

"जाईन. पण आमच्या गावच्या फॉर्मवर मी खोटं लिहिलंय. ते आधी ग्रामसभेत सांगीन."

या वेळी शब्द एकही गिळला नाही.

आमच्या गावातले काही जण म्हणाले, ग्रामसभा वैशाखातच उरकून टाकू. मी अडून बसले. मेंढरं परतल्याशिवाय सभा होणार नाही. कुंपण काढायचा अर्ज लिहून झालाय, खाली माझं नाव, माझी सही. आबांना घरात एकट्याला सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तसं करणार नाही. सगळ्या गावासमोर त्यांच्याकडं बघून सांगणार आहे की ते मी लिहिलं. त्यानंतर ते माझ्याशी जन्मभर बोलले नाहीत तरी चालेल. कुंपण निघेपर्यंत मी तिथून हलणार नाही.