अंथरुणावरच्यांचा मजला

आमच्या वृद्धाश्रमातला तळमजल्यावरचा हॉल कायम झाडून-पुसून तयार असायचा. कशासाठी, तर लोक आम्हांला जेवायला घालायला येत म्हणून. कुणाच्या पोराचा वाढदिवस, कुणाच्या सासऱ्याची पुण्यतिथी, कुणाच्या नव्या दुकानाचं उद्घाटन. घोडबंदर रोडवरून गाड्या आत वळल्या की मॅनेजर हाका मारत सुटायचा, "चला आजी, चांगली साडी नेसा, पाहुणे आलेत." मग आम्ही रांगेत बसायचो, पुरी-श्रीखंड खायचो आणि पाया पडणाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवायचो. "माँजी, आशीर्वाद दो," म्हणत एखादी सून वाकायची आणि तिचा नवरा फोटो काढायचा. मी आशीर्वाद द्यायचे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात गोड बोलण्यात गेली माझी, मला काय त्याचं!

हे मात्र त्या हॉलमध्ये कधी आले नाहीत. हे म्हणजे माझे यजमान. यांना लकवा झाला, उजवं अंग गेलं आणि बोलणं चार-दोन शब्दांवर आलं. आम्हांला मूलबाळ नाही. भाईंदर पूर्वेला, खारी गावाला लागून आमची जागा होती, चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टची. माझ्याच्याने यांना उचलणं होईना, म्हणून जागा विकली आणि चेण्याच्या अलीकडे या आश्रमात आलो. "दोघांना एकत्र ठेवू" असं सांगितलं होतं. आल्यावर कळलं की चालत्या-फिरत्यांचा पहिला मजला आणि अंथरुणाला खिळलेल्यांचा दुसरा. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला नवऱ्याला भेटायला जिना चढून जावं लागायचं. लिफ्ट होती, पण ती चालू असेल तेव्हा.

"वर हवा छान लागते हो आजी," मॅनेजर म्हणाला होता. मीही मूर्खासारखं खरं मानलं.

मग एका दुपारी काशीमीऱ्याच्या बाजूला एका गोडाऊनला आग लागली. आमच्यापासून लांबच होती, पण वारा आमच्याकडे होता. काळा धूर, प्लास्टिक जळल्याचा वास, डोळे चुरचुरायला लागले. "आग, आग" म्हणून कुणीतरी ओरडलं आणि जो तो अंगणात. स्वयंपाकीण अंगणात, मॅनेजर अंगणात, वरच्या आयासुद्धा अंगणात! मी उलटी वर गेले. वर सात माणसं पडलेली, खिडक्या सताड उघड्या आणि खोलीभर धूर. एक आजी खोकून खोकून निळी पडलेली. मी खिडक्या लावल्या, ओले टॉवेल केले आणि एकेकीच्या, एकेकाच्या नाकाला धरले. हे माझ्याकडे बघत होते. "काय... जळतं?" म्हणाले. मी म्हटलं, "कुणीतरी कचरा पेटवलाय मेल्याने." यांना पटलं नाही. डाव्या हाताने माझा पदर घट्ट धरून ठेवला होता.

आग आमच्यापर्यंत आली नाही. पण लोकांच्या मुला-मुलींचे फोन आले आणि आश्रम चालवणाऱ्या ट्रस्टींना घाम फुटला. त्यांचा भाचा कुठल्याशा कंपनीत सेफ्टीचं काम बघायचा, त्याला बोलावलं. पोरगा हुशार होता, उगाच नावं ठेवणार नाही. हॉलमध्ये आम्हांला बसवून त्याने भिंतीवर नकाशा लावला. हिरवे बाण, लाल बाण. घंटा वाजली की वस्तू घ्यायला थांबायचं नाही, कठडा धरून उतरायचं, अंगणात जांभळाखाली जमायचं, मग मोजणी. आणि लिफ्टला हात लावायचा नाही, आगीत लिफ्ट बंद.

मी हात वर केला. "वरच्यांचं काय?"

"कोण वरचे?"

"दुसऱ्या मजल्यावर सात जण झोपून आहेत. ते कठडा कसा धरतील?"

त्याने मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने ट्रस्टींकडे. शेवटी भाचा म्हणाला, "त्यांना फायर ब्रिगेड काढेल, आजी. ते त्यांचं काम."

"आणि गाडी इथे येईस्तोवर? फाट्यावर ट्रकांची रांग बघितलीय का तुम्ही कधी?" मी म्हटलं, "एवढे बाण काढण्यापेक्षा त्या सातांना इथे खाली आणून ठेवा ना. हा एवढा मोठा हॉल मोकळा पडलाय. दार उघडलं की अंगण. पलंग ढकलत बाहेर काढता येतील."

भाचा नकाशाकडे बघून म्हणाला, "खरं म्हणजे तेच योग्य आहे, मामा."

मामांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की पोरगं नकाशा काढून गुंडाळायला लागलं. "बघू, बघू," म्हणाले आणि चहा आला.

बघू म्हणजे नाही, हे मला या वयात कुणी शिकवायला नको. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन बसले आणि उठायचं नावच घेईना. शेवटी मॅनेजर वैतागला. "आजी, समजून घ्या. लोक इथे आनंदाच्या दिवशी येतात. जेवायला बसतात. तिथे पलंग, लघवीच्या पिशव्या, तो वास... कोण येईल पुन्हा? आणि कुणी आलं नाही तर तुम्हीच खाणार काय?"

अस्सं! म्हणजे हवा-बिवा काही नाही, पाहुण्यांच्या नाकाला त्रास नको म्हणून माझा नवरा दुसऱ्या मजल्यावर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उद्या तुमच्या आईला असं टाकाल का वर?" मी ओरडले. तो पंख्याकडे बघत बसला. मला इतका राग आला होता की टेबलावरचा पेला मी फेकणारच होते. आपली माणसं म्हणायला कुणी नाही, जागा विकून बसलेली, जाणार कुठे? पेला ठेवला आणि वर गेले.

आगीतून बाहेर पडायची कवायत ठरली ती ट्रस्टींच्या आईच्या पुण्यतिथीला. अहो, खरंच! त्या दिवशी चाळीसेक पाहुणे जेवायला येणार होते, त्यांनाही कळावं की इथे म्हाताऱ्यांची किती काळजी घेतात. सकाळी मॅनेजरने सांगितलं, "सगळ्यांनी चांगल्या साड्या नेसा, घंटा साडेअकराला वाजेल." आगीतून पळायचं, तेही इस्त्रीची साडी नेसून. मी नेसलेच नाही. घरातल्याच साडीवर यांच्या पलंगाजवळ जाऊन बसले.

घंटा वाजली. खालून पावलांचा आवाज, काठ्यांचा आवाज, "सावकाश, सावकाश." यांच्या मजल्यावरची आया घंटा ऐकून शिस्तीत निघून गेली, तिला तसंच शिकवलं होतं. मी खिडकीत उभी राहिले. जांभळाखाली सगळे जमले, पाहुणे खुर्च्यांवर बसून बघत होते. मोजणी झाली. ट्रस्टींनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "आपल्या आश्रमातले सगळे आजी-आजोबा सुखरूप बाहेर आले आहेत." टाळ्या पडल्या. दोन बायकांनी डोळे पुसले.

मला राहवलं नाही. खिडकीच्या गजाला धरून मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "आम्ही आठ जण अजून वर आहोत हो!"

सगळ्या माना वर झाल्या. भाच्याने खाली मान घातली. ट्रस्टी हसले, माईकवरच म्हणाले, "आमच्या आजी जरा विनोदी आहेत. चला, पानं वाढलीत." आणि खरंच सगळे हसले आणि जेवायला गेले. जन्मभर फोनवर दुसऱ्यांची लाईन जोडून दिली मी, आणि माझंच बोलणं पोचेना कुठे! यांनी माझ्याकडे पाहिलं. "जा," म्हणाले, "जेव." मी तिथेच पलंगाच्या पट्टीवर डोकं टेकून रडले.

दिवाळीच्या सुमारास, एका सकाळी चहा भरवत असताना हे गेले. घोट गिळलाच नाही. डॉक्टर येऊन लिहून गेले. मग न्यायचा प्रश्न आला. लिफ्टमध्ये माणूस आडवा मावत नाही. यांना वर चढवताना खुर्चीत बसवलं होतं, आता बसवणार कसं? मॅनेजर म्हणाला, "थांबा," आणि बघता बघता वॉर्डबॉय आला, माळी आला, गाडीचा ड्रायव्हर आला, आचारी हात पुसत आला. चौघांनी खालच्या चादरीला चार टोकांना धरलं, यांना उचललं आणि जिना उतरले. वळणावर एकदा थांबले, पकड नीट केली आणि पोचलेसुद्धा. मी कठडा धरून मागे होते. एवढंच होतं तर! चार माणसं आणि एक चादर. इतके महिने मी ज्याच्यासाठी कंठशोष केला, ते यांच्या मरणाच्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर चुटकीसरशी झालं. त्या क्षणी मला दुःखाच्या आधी संताप आला, खोटं कशाला बोलू.

खाली आल्यावर ते चौघे स्वयंपाकघराकडच्या दाराला वळले.

"तिकडे कुठे?" मी म्हटलं. "हॉलमध्ये ठेवा."

"आजी, शववाहिनी मागच्या बाजूला येणारे," मॅनेजर हळू आवाजात म्हणाला. "बाराला वाढदिवस आहे. लहान बाळ आहे हो, पहिलाच वाढदिवस."

मी चादरीचं टोक माळ्याच्या हातासकट धरलं. "मग त्यांना सांगा, एक म्हातारा वरून खाली यायला उशीर झाला."

माळ्याने मॅनेजरकडे पाहिलंच नाही. सरळ हॉलमध्ये वळला, बाकीच्यांना वळावंच लागलं. पताका लावलेल्या भिंतीखाली यांना ठेवलं. मी शेजारी जमिनीवर बसले आणि यांचा उजवा हात मांडीवर घेतला. बाराच्या सुमारास गाड्या आल्या. दारात केकचा खोका घेतलेला बाप थबकला, आईने बाळाचं तोंड खांद्याकडे वळवलं. मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. मॅनेजर त्यांची माफी मागत होता. सगळ्या आया दाराशी गोळा होऊन आमच्याकडे बघत होत्या, आणि वर सहा जणांची जेवायची वेळ टळून चालली होती.