आडनाव विचारू नये म्हणून घेतलेली गाडी

आम्ही कॅरव्हॅन घेतली ती हौसेनं, असं आमच्या सोसायटीत सगळ्यांना वाटतं. वाटू दे. कर्वेनगरात लोकांनी तुमच्याबद्दल एकदा मत बनवलं की ते बदलायच्या भानगडीत पडू नये, वेळ आपलाच जातो. आमचे सेक्रेटरी तर पहिल्याच दिवशी खाली आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "मॅडम, ही गाडी म्हणायची की फ्लॅट? फ्लॅट असेल तर मेंटेनन्स डबल लावावा लागेल." मी म्हटलं, "लावा की. पण मग मीटिंगला मला दोन मतं द्या." ते हसले नाहीत. मीही नाही. खरं सांगायचं तर हौस वगैरे काही नव्हती. माझ्या मुलांना सुट्टीत कोणी आडनाव विचारू नये, एवढ्यासाठी मी ती गाडी घेतली.

आम्ही बौद्ध. आमचं आडनाव असं आहे की ते ऐकलं की महाराष्ट्रात कोणाला पुढचं काही विचारावं लागत नाही. पुण्यात तर थेट आडनावही विचारत नाहीत, पुण्याची माणसं सभ्य ना. "आपण मूळचे कुठले?" मग गावाचं नाव. मग, "तिथले म्हणजे...?" आणि ते 'म्हणजे' तुमच्यासमोर तसंच लोंबकळत ठेवतात, तुम्ही पुरं करेपर्यंत. मी सरकारी अधिकारी आहे, माझ्या सहीशिवाय फाइल हलत नाही, तरी ते 'म्हणजे' आलं की मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागते. शाळेत दप्तरात शोधायचे, तशीच.

माझे बाबा ह्याच्या अगदी उलट. पोस्टात नोकरी केली, आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. समोर कोणीही येवो, वॉचमन, दूधवाला, बँकेचा मॅनेजर, बाबांचा 'जय भीम' आधी, आणि तोही खणखणीत, चौथ्या मजल्यावर ऐकू जाईल असा. ते म्हणतात, समोरच्यानं विचारायच्या आत आपण सांगून टाकायचं, मग विचारणाऱ्याची पंचाईत होते, आपली नाही. बाबांना ते जमतं. मला कधी जमलं नाही.

तर तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही समुद्राकाठच्या एका गावात घरगुती सोय बघून गेलो होतो. नवरा, मी, सहा वर्षांची मुलगी, दोन वर्षांचा मुलगा. घर चालवणाऱ्या काकू फार गोड. गेल्या गेल्या झोपाळ्यावर बसवलं, फुलाफुलांच्या कपातून चहा दिला, पोरीला स्वयंपाकघरात नेऊन खोबऱ्याची वडी दिली. रात्री जेवणानंतर त्यांनी नोंदीसाठी आधार कार्ड मागितलं. नवऱ्यानं दिलं.

सकाळी चहा आला तो कागदी कपातून. पडवीच्या पायरीवर ठेवलेला. पोरगी आदल्या दिवशीसारखी स्वयंपाकघराकडे पळाली, तर काकू दारात आडव्या झाल्या. "अगं अगं, तिकडे नको हं बाळा, ओलं आहे." ओलं काही नव्हतं. कोणी वाईट बोललं का? छे. एक शब्द नाही. तेच तर आहे, भांडायलासुद्धा काही हाताला लागू देत नाहीत.

पोरगी पायरीवर बसून म्हणाली, "आई, कालचे फुलांचे कप कुठे गेले?"

"फुटले असतील."

"सगळे?"

दुपारी आम्ही निघालो. दोन दिवस आधीच. मी पुढच्या सीटवर गॉगल लावून बसले आणि ताम्हिणी येईपर्यंत रडले. मुलं झोपली आहेत असं मी धरून चालले होते.

त्यानंतर मी कुठल्या घरी उतरायचं नाव काढू दिलं नाही. नवरा बिचारा शांत माणूस, कॉलेजात शिकवतो, घरात आवाज चढवत नाही. तो म्हणाला, "अगं, मोठ्या हॉटेलात जाऊ. तिथे कोण बघतंय आडनाव?" खरं होतं ते. पण मला मुलांना समुद्र दाखवायचा होता, लॉबी नाही. सकाळी उठून अनवाणी वाळूत पळावं, खारं अंग घेऊन घरात शिरावं, आईनं ओरडावं, असं काहीतरी. मी त्याला म्हटलं, मला आपलंच घर पाहिजे, जिथे जाऊ तिथे सोबत येणारं. ह्या घराच्या स्वयंपाकघरात माझी पोर केव्हाही पळत जाईल आणि तिला अडवणारी मीच असेन.

कोथरूडला एक निवृत्त जोडपं त्यांची गाडी विकत होतं. ट्रॅव्हलर घेऊन आतून घर केलेली, कागदोपत्रीही कॅम्पर म्हणूनच पासिंग झालेली. दोघांचेही गुडघे गेले होते. आत दोन बर्थ वर, दोन खाली, दोन शेगड्यांचा गॅस, एवढंसं सिंक, मागे पडदा लावलेला संडास, खिडक्यांना बारीक जाळी. मुलांनी बूट न काढता वरच्या बर्थवर उड्या मारल्या आणि खाली यायलाच तयार होईनात. त्या बाई कागदांवर आमचं नाव वाचत होत्या तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मी नेहमी बघते. त्यांचा चेहरा बदलला नाही. "गॅसचा डावा बर्नर जरा नखरे करतो हं," एवढंच त्या म्हणाल्या. मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

सोसायटीत ती मावेना, म्हणून वारज्यात एका गाववाल्यांच्या मोकळ्या प्लॉटवर जागा घेतली. "लावा की ताई, हितं कोन इचारतंय," ते म्हणाले. मला ते वाक्य फारच आवडलं.

तिथे जवळच रंगाचं काम करून घेतलं. पोचे काढले, पांढरा रंग मारला. रंगारी ब्रश घेऊन मागच्या दाराशी उभा राहिला. "म्याडम, इथं काय लिहायचं?"

बाबा हौसेनं आले होते बरोबर. माझ्या आधीच म्हणाले, "जय भीम लिही. निळ्या रंगात, मोठं."

मी म्हटलं, "काही लिहायचं नाही."

"काही म्हणजे काही नाही?"

"काही नाही. कोरं ठेवा."

बाबा मला बाजूला घेऊन गेले. बाजूला म्हणजे चार पावलं, आणि त्यांचा आवाज असा की सगळ्या वर्कशॉपनं ऐकलं. "रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीवर कोणाचा ना कोणाचा देव आहे. आई आहे, बाप आहे, गाव आहे. आपल्याच गाडीला तोंड नाही का?"

"बाबा, त्याचसाठी तर घेतलीये ना गाडी! कोणी बघू नये, कोणी विचारू नये."

"आणि पोरांना कळायचं कधी?"

"लहान आहेत हो ती. मोठी झाली की कळेलच, कोण सोडणार आहे त्यांना? तोवर चार सुट्ट्या तरी सुखाच्या मिळू देत."

"घर चाकांवर घालून किती दिवस पळणार तू?"

"डिझेल आहे तोवर," मी म्हटलं. मला असं तिरकं बोलायची खोड आहे आणि ती बाबांकडूनच आलीये. ते तसेच वळले आणि बसनं घरी गेले. पहिल्या ट्रिपला या म्हटलं तर म्हणाले, माझे पाय आखडतात, तुम्ही जा. पण माझं म्हणणं काय चूक होतं? आजही मला कोणी सांगावं. सहा वर्षांच्या पोरीला कागदी कपाचा अर्थ सांगायचा असतो का?

गेल्या डिसेंबरात आम्ही निघालो. नवरा घाट इतका जपून उतरला की मागच्या एसटीवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून आमचा उद्धार केला. मुलं मागे खिदळत होती. संध्याकाळी समुद्राला लागून एका वाडीत गाडी लावली, जागेच्या मालकांना फोनवर आधीच विचारलं होतं. मी पोहे केले. डाव्या बर्नरनं नखरे केले. मुलगा चिमणीएवढा घास घेणारा, त्या दिवशी त्यानं दोनदा मागून खाल्लं. रात्री चौघंही लाटांचा आवाज ऐकत पडलो होतो आणि मी मनात म्हटलं, जमलं बाई. जमलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा पाण्याचं बघायला विहिरीकडे गेला होता. मी सिंकपाशी भांडी घासत होते. मुलं बाहेर, गाडीच्या सावलीत वाळूचा किल्ला करत होती. वाडीच्या मालकीणबाई आल्या, त्यांच्या नातीला घेऊन. त्यांचा आवाज मला जाळीतून स्वच्छ ऐकू येत होता. "अगबाई, आत झोपायचंपण आहे का? आणि संडास? कमालच आहे बाई!" पोरगी त्यांना सगळं रंगवून सांगत होती. मला हसू येत होतं.

मग त्या म्हणाल्या, "पुण्याचे का गं तुम्ही? आडनाव काय तुमचं?"

माझे हात साबणात थांबले. बाहेर जावं, मध्ये पडावं, काहीतरी बोलून विषय बदलावा, एवढंही सुचेना.

माझ्या नऊ वर्षांच्या पोरीनं आडनाव सांगितलं. आमचं नाही. आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाचं. न अडखळता. वर विचारलं नसताना म्हणाली, "आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. आई उकडीचे मोदक करते."

"पण ताई, आपण तर..." मुलगा म्हणाला.

"तू गप रे. त्याला काही माहीत नसतं, आजी. लहान आहे तो."

"हो का! मग आपल्यातलेच की तुम्ही," मालकीणबाई खूश होऊन म्हणाल्या. "चला गं पोरांनो, घरात चला. गरम गरम घावने घातलेत." आणि माझी मुलं त्यांच्या नातीबरोबर उड्या मारत त्यांच्या स्वयंपाकघरात गेली.

मी तशीच उभी. नळ चालू होता, टाकीतलं पाणी संपत आलं होतं. मला उकडीचे मोदक येत नाहीत. मी आयुष्यात कधी केले नाहीत. तिला ते कुठून सुचलं, किती वेळा सांगून इतकं गुळगुळीत झालं, हे मला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं.

संध्याकाळी मी तिच्या पायांची वाळू धूत होते. तीच म्हणाली, "आई, तू रागावलीयेस."

"नाही."

"रागावलीयेस. तू सकाळी ऐकलंस ना?"

"असं का सांगितलंस गं?"

"ते लगेच विचारतात ना. मग मीपण लगेच सांगून टाकते. फिनिश." तिनं दुसरा पाय पुढे केला. "नाहीतर आपल्याला परत निघावं लागतं. आणि मग तू गाडीत रडतेस."

मी त्या पायावर पाणी ओतलं. "आणखी कुठे सांगतेस असं?"

"शाळेत नाही. शाळेत माहितीये सगळ्यांना. फक्त ड्रॉइंगच्या क्लासला."

"तिथे आजोबा येतात ना तुला घ्यायला?"

"आजोबा समोरच्या बाजूला थांबतात. औषधांच्या दुकानापाशी. मी सांगितलंय त्यांना, क्लासच्या गेटपाशी येऊ नका म्हणून." मग माझा चेहरा बघून घाईघाईनं म्हणाली, "ते मोठ्यानं बोलतात ना, आई."

ज्या एका गोष्टीपासून मी तिला लांब ठेवत होते, ती तिनं केव्हाच शिकून घेतली होती, आणि वर मला त्रास नको म्हणून माझ्यापासून लपवून ठेवली होती. मी तिला जवळ घेतलं. तिला वाटलं प्रकरण मिटलं. ती पळाली किल्ल्याकडे.

नवऱ्याला सांगितलं तर तो चाकाला टेकून खाली बसला. "तिला उद्या समजावू," म्हणाला. काय समजावणार होता, ते त्यालाही माहीत नव्हतं.

पुण्याला परत आलो. गाडी वारज्याला लावून रिक्षानं घरी पोचलो तर बाबा टेबलाशी मटार सोलत बसले होते. मुलं सामान टाकून खाली खेळायला गेली. नवरा आंघोळीला. बाबांनी विचारलं, कशी झाली ट्रिप, पाणी मिळालं का, घाटात त्रास झाला का. मी त्यांच्यासमोर बसले. चार शेंगा सोलल्या.

"बाबा, ड्रॉइंगच्या क्लासला तुम्ही गेटपाशी का थांबत नाही?"

त्यांचा हात थांबला. मग परत सुरू झाला. "सांगितलं वाटतं तिनं."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष."

बाबा! अहो, वर्षभर! ज्यांनी पोस्टात साहेबापुढे कधी आवाज खाली केला नाही, जे वेगळ्या पंगतीत बसवलं म्हणून लग्नाच्या मांडवातून ताट ढकलून उठून आले होते, ते माझे बाबा रोज संध्याकाळी औषधांच्या दुकानाच्या पायरीशी गुपचूप उभे राहत होते. आणि घरी येऊन मला म्हणायचे, आज तिनं झाड छान काढलं. मला रडू आवरेना. "तुम्ही तिला काही बोलला का नाहीत? मला तोंडावर सुनावता, तिला का नाही?"

"नऊ वर्षांची आहे ती."

"म्हणून काय झालं! आजोबांना रस्त्यापलीकडे उभं करते ती. मी बोलते तिच्याशी आज."

"नको," बाबा म्हणाले. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "ओरडू नकोस पोरीला. गुणाची आहे ती. कोणी बघत नसलं की तिकडून हात करते मला."