बादलीमागे एक टोपण

न्हाणीच्या कोपऱ्यात साबणाचे उरलेसुरले तुकडे साचत जातात ना, तसे एखाद्या घरातले किस्से साचत जातात. फेस होण्याइतके मोठे नसतात, पण टाकवतही नाहीत. आता मी नांदेडला एका हॉस्पिटलमध्ये नोकरी करते. फरशी पुसायच्या बादलीत मावशींनी जंतुनाशक ओतलं आणि तो वास आला, की मी दचकते. मग मैत्रिणी म्हणतात, "झालं, हिला काकू आठवल्या. सांग आता एखादा."

तर काकू. लातूरला मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची, तेव्हाच्या माझ्या घरमालकीण. वर दोन खोल्या, त्यात आम्ही तिघी मुली. खाली काकू आणि काका. बादल्या ज्याच्या त्याच्या, न्हाणीघर मात्र सगळ्यांत मिळून एकच, खाली. आणि काकूंचा नियम असा, की आंघोळीच्या प्रत्येक बादलीत जंतुनाशकाचं एक टोपण पडलंच पाहिजे, आणि ते त्या स्वतःच्या हातानं टाकणार. देवाचं फूल एखादे दिवशी चुकायचं, बादलीचं टोपण नाही.

ही खोली मला सहज मिळालेली नव्हती. आधीच्या दोन घरांत आडनाव सांगितल्यावर पुढचा प्रश्न आला होता, आणि त्याच्या उत्तरानंतर "विचार करून कळवतो" आलं होतं. काकूंनीही विचारलं, "सूर्यवंशी? म्हणजे कोणते सूर्यवंशी?"

सोबत आलेले पप्पा म्हणाले, "शिरूर अनंतपाळचे."

आमच्या भागात सूर्यवंशी मराठ्यांतही आहेत आणि आम्हा बौद्धांतही. काकूंना गावाचं नाव पुरलं. मला सरकारी भरतीची परीक्षा होईपर्यंत ही खोली टिकवायची होती, एवढंच. काकूंना कळलं तर ती टिकणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यामुळे जिन्यात पाऊल वाजलं तरी मी पुस्तक मिटून कान द्यायची.

*

पहिल्या सकाळी बादली भरली, टॉवेल आणायला वर गेले, परत येऊन बघते तर पाणी पांढरंफटक. मी अशी किंचाळले, की शेजारच्या गच्चीवर दात घासणारे आजोबा तोंडात फेस घेऊन थांबले.

काकू दाराआडून बाटली घेऊन पुढं आल्या. "वरडतीस कशाला? औषध टाकलं."

"मला वाटलं, दूध..."

"दुधानं आंघोळ घालायला तू काय महादेव हाय?"

त्या दिवशी लॅबमध्ये सरांनी नाक वर करून विचारलं, "सूर्यवंशी, स्पिरिट सांडलं का कुठं?"

काही सांडलं नव्हतं. मी आत आले होते.

*

एक टोपण हा नुसता बेस रेट होता, हे मला हळूहळू कळलं. काकू बाटली घेऊन न्हाणीच्या दारात उभ्या राहायच्या आणि चौकशी सुरू करायच्या. "काल कुठं गेली व्हतीस?"

भाजी मंडई असेल तर एकच. एसटीचा प्रवास असेल तर दोन. सरकारी दवाखान्यात कुणाला बघायला गेलं असेल तर तीन. कुणाच्या मातीला गेलं असेल तर माप नाही, हात थांबेल तिथपर्यंत. मी लॅबवाली. "तू रोज लोकायचं रगत न् लघवी हाताळतीस. तुला कायमचे दोन."

बाटलीवर मापं छापलेली होती. काकू म्हणायच्या, "कंपनीवाल्याला काय ठाऊक लातूरची धूळ."

महिन्याच्या त्या दिवसांतही एक टोपण वाढायचं. आमच्यातली प्रणिता देगलूरची, शेतकऱ्याची पोरगी, जिभेला हाड नाही. तिनं एकदा विचारलं, "काकू, याच्यात जंतू कुठून आले?"

काकू म्हणाल्या, "जंतू न्हाईत गं. पण टाकलेलं बरं."

पूर्वी या कामाला गोमूत्र असायचं. काकूंनी फक्त दुकान बदललं होतं. लोक म्हणायचे, काकू किती सायंटिफिक आहेत.

*

मी बीएस्सी मायक्रोबायॉलॉजी. एका रविवारी मला शिकवायची हुक्की आली. म्हटलं, "काकू, सगळे जंतू वाईट नसतात. आपल्या कातडीवर चांगले जंतूही राहतात, तेच आपलं रक्षण करतात. हे औषध त्यांनाही मारतं."

काकू गव्हातले खडे वेचत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं.

"चांगले जंतू? कुणाच्या अंगावर?"

मी विषय तिथंच सोडला आणि त्यांच्याबरोबर खडे वेचायला बसले.

*

उन्हाळ्यात नळ दहा-बारा दिवसांनी यायचा. टँकरचं पाणी पिंपात भरून ठेवायचं आणि मोजून वापरायचं. काकूंनी सगळ्यांची आंघोळ अर्ध्या बादलीवर आणली. टोपणं तेवढीच राहिली.

प्रणिता म्हणाली, "काकू, पाणी अर्धं तर औषध पण अर्धं करा ना."

"पाणी कमी झालं म्हणून घाण कमी होती का?"

पंधरा दिवसांत प्रणिताच्या मानेवर, कोपरांच्या खळग्यांत लाल चट्टे उठले. रात्रंदिवस खाजवायची. काकूंनी चट्टे बघितले आणि निदान केलं, "जंतू बाहेर पडून राहिलेत." टोपणं तीन झाली. चट्टे पोटावर आले. काकूंना आनंद झाला, "बघ, किती व्हते आत."

शेवटी मी तिला कातडीच्या डॉक्टरांकडं नेलं. काकूही निघाल्या सोबत. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मावशी, हे तिचं अंग आहे. फरशी नाही."

काकू म्हणाल्या, "फरशीला मी दोनच टाकते."

डॉक्टरांनी साधं पाणी आणि एक मलम लिहून दिलं. बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "त्याच्या टेबलावर केवढी धूळ व्हती, बघितलीस? असा माणूस काय सांगणार."

*

काका बिचारे कुणाच्या अध्यात ना मध्यात. नोकरीतून रिटायर होऊन घरी बसलेले, पेपर वाचायचा आणि सांगितलेल्या बादलीनं आंघोळ करायची. एकदा आम्ही सगळे एका लग्नाला गेलो होतो. काका पंगतीत बसले, मी त्यांच्या पलीकडं. शेजारच्या पाहुण्यानं दोन घास खाल्ले, मग आवाज खाली आणून विचारलं, "साहेब, घरचं कुणी ॲडमिट हाय का?"

काका म्हणाले, "का हो?"

"न्हाई, दवाखान्यातून थेट आल्यासारखं वाटलं. वासावरून."

काकांनी जिलेबीचा तुकडा मोडला, समोरच्या पंगतीत बसलेल्या काकूंकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "पेशंट घरीच हाय. औषध मी घेतो."

त्या घरात काकांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात लांब बोलणं.

*

परीक्षा जवळ आली तशी आई मला भेटायला आली. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. स्टँडवरून येताना ऑटोत मी तिला बजावलं, "काकूंपुढं देवाधर्माचं काही काढू नकोस."

आई म्हणाली, "मी कशाला देवाचं काढते? माझा काय संबंध?"

काकूंनी चहा केला. बोलणं पावसापाण्यावरून लेकीबाळींच्या लग्नांवर आलं.

"मोठीचं लग्न कोणत्या मुहूर्तावर केलं, ताई?"

"मुहूर्त न्हाई बघत आमच्यात. रविवार बघितला. लोकायला सुट्टी असती."

"अन् गुरुजी कुठले व्हते?"

"गुरुजी कशाला? भंतेजी आले, वंदना झाली, जेवणं झाली. दुपारपर्यंत मोकळे."

मी धपाट्यांचा डबा आईपुढं सरकवला. आईनं तो परत माझ्याकडं सरकवला.

"असं व्हय," काकू म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "चहात साखर बरोबर हाय ना?"

"जरा जास्तच हाय," आई म्हणाली.

तिला गाडीत बसवताना मी रडकुंडीला आले होते. "आई, तुला सांगितलं होतं ना. आता ही खोली जाईल. परीक्षा तोंडावर आलीय."

"देवाचं काढलं का मी?" आई म्हणाली. खिडकीतून हात बाहेर काढून तिनं माझ्या डोक्यावरून फिरवला आणि नाक मुरडलं. "दवाखान्यागत वास येतो गं तुझ्या अंगाला. घरी आलीस की साध्या पाण्यानं न्हा."

*

दुसऱ्या दिवशी मी बादली भरली आणि उभी राहिले. एसटीला दोन, दवाखान्याला तीन. मला आता किती, याचा मी अंदाज करत होते. काकू आल्याच नाहीत. न्हाणीच्या दाराबाहेर जमिनीवर एक नवी कोरी बाटली ठेवलेली होती.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "ती तुझी. तुझं तू टाकत जा. आमच्या बाटलीला हात लावू नको. अन् न्हायला सगळ्यायच्या शेवटी जात जा."

प्रणिता ब्रश तोंडात धरून जिन्यात उभी होती. तिनं आधी बाटलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाली, "काकू, अहो, ते जंतुनाशक हाय."

"म्हणूनच," काकू म्हणाल्या.

खोलीबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. मी बाटली वर नेऊन खिडकीत ठेवली आणि पुस्तक उघडलं. त्या बाटलीतलं एक टोपणही मी कधी बादलीत टाकलं नाही. रोज साध्या पाण्यानं आंघोळ करून लॅबला जायची आणि परत येताना जिन्याखाली उभी राहून कानोसा घ्यायची, की वर माझं सामान हलवल्याचा आवाज येतोय का.

*

आणि मग तो दिवस. कसलासा बंद होता, बाजारातली सगळी दुकानं मिटलेली. प्रणिता आणि तिसरी मुलगी गावाकडं गेलेल्या. काका कुणाच्यातरी मातीला जाऊन आले होते. आंघोळ झाल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही, म्हणून मागच्या अंगणातून थेट न्हाणीत जाऊन बसले होते. त्यांच्यासाठी तापवलेल्या पाण्याची बादली काकूंनी दाराशी आणून ठेवली. काकूंच्या बाटलीतून मात्र काही पडेना. त्यांनी ती उलटी केली, तळाशी थापट्या मारल्या, पाणी घालून हलवून बघितली.

मग जिन्यात त्यांची पावलं वाजली. काकू गुडघेदुखीमुळे कधी वर यायच्या नाहीत. मला वाटलं, आलं. मी उभी राहिले. कोणती पुस्तकं आधी भरायची, तेही मनात ठरवून टाकलं.

काकू उंबऱ्याबाहेर थांबल्या. धाप लागली होती.

"स्वाती, तुझी बाटली हाय का?"

"आहे."

"दे बरं जरा. काका मातीहून आलेत."

मी खिडकीतली बाटली घेतली आणि हात पुढं केला.

"खाली ठेव," काकू म्हणाल्या.

मी खाली ठेवली. त्यांनी पदरानं धरून उचलली. भरलेली होती, सीलसुद्धा तसंच होतं. ते त्यांनी बघितलं, पण काही विचारलं नाही. त्या खाली उतरल्या. मी कठड्यापाशी येऊन वाकून बघायला लागले.

काकू अंगणात दगडावर बसल्या. पदरानंच सील काढलं. एक टोपण भरलं आणि ते बादलीत न टाकता बाटलीच्या अंगावर ओतलं. मग बोटांनी ती वरून खालपर्यंत चोळली. बूड चोळलं, मान चोळली. मग दुसरं टोपण भरून पहिलं टोपण जिथं जिथं पोचलं नव्हतं, तिथं ओतलं. पांढरा ओघळ अंगणातून नालीकडं चालला होता.

न्हाणीतून काका ओरडले, "अगं, पाणी थंड होऊन राहिलं!"

"थांबा जरा," काकू म्हणाल्या, "औषध धुऊन राहिले."