रंगाखालची अक्षरं

माझ्या बायकोने समोरच्या घरातल्या बाईला एक शब्द दिला होता. मरेपर्यंत तिला वाटत होतं की तो खरा आहे. तो खोटा निघाला, आणि खोटा पाडला आमच्याच मुलाने. लिहून ठेवतोय, कारण तोंडाने सांगायला गेलो की माझा आवाज चढतो आणि सून टीव्हीचा आवाज वाढवते.

मी सातवी नापास. मुंबईच्या गोदीत वेल्डिंग शिकलो, तिथून परदेशात, सेम्बावांगच्या शिपयार्डात आलो आणि तिथेच म्हातारा झालो. इंग्रजी अक्षरं मी शाळेत नाही, जहाजांवर शिकलो. जहाजाचं नाव नुसतं रंगवत नाहीत. आधी पत्र्यावर वेल्डिंगची जाड रेघ ओढून अक्षरं उठवतात, मग त्यावर रंग. मालक बदलला की नाव बदलतं. तेव्हा जुनी अक्षरं घासून सपाट करायची असतात. पण घाई असली की कोण घासत बसतो? वरून रंग मारतात आणि मोकळे होतात. ऊन तिरकं पडलं की जुनं नाव रंगाखालून वर येतं. हे वेल्डरला कळतं, ऑफिसातल्याला कळत नाही.

समोरची बाई युक्रेनची. नवरा इथलाच, चिनी, आमच्या शिपयार्डच्या स्टोअरला होता. सकाळी मी पेपरातली चित्रं बघत बसायचो आणि या दोघी कॉरिडॉरमध्ये स्टुलं टाकून भाजी निवडायच्या. दोघींचं इंग्रजी एकत्र केलं तरी एका माणसाला पुरलं नसतं, पण गप्पा दोन तास. ती हिला मावशी म्हणायची. हिनेच शिकवलं होतं.

पहिल्यांदा हिने तिला स्टीलच्या डब्यातून शेंगदाण्याचे लाडू दिले. बाईने डबा घासून, पुसून, चकचकीत करून परत आणला. ही हसायला लागली. तिला घरात नेलं, डब्यात चिमूटभर साखर घातली आणि हाताने खुणा करून समजावलं की आमच्यात कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. त्यानंतर तो डबा कधी रिकामा आला नाही. कधी बटाटा भरलेले मोदकासारखे काहीतरी, कधी बिटाची भाजी, आणि घरात काही नसलं की साखर. माझी सून मराठी घरातली. तिच्याकडून अजून आमचे चार डबे यायचेत.

युद्धाची गोष्ट मला बायकोकडून कळत गेली. बाईची आई तिकडे चौथ्या मजल्यावर एकटी. वीजघरांवर बॉम्ब पडलेले, लिफ्ट बंद, घर गरम करायचे पाइप गार. म्हातारी कोट घालून झोपते. माझ्या बायकोने जन्मात बर्फ बघितला नव्हता. तिने कपाट उघडलं, लग्नातली एक सोडून सगळ्या सुती साड्या बाहेर काढल्या आणि गोधडी शिवायला घेतली. तिचं कॅन्सरचं औषध तेव्हा चालू झालं होतं. बोटं बधिर झालेली. सुई टोचली तरी तिला कळायचं नाही, मला लाल ठिपका दिसला की मी सांगायचो, "अगं, रक्त येतंय." ती बोट तोंडात घालायची आणि पुढचा टाका घालायची.

बाईचा भाऊ तोफेवर होता. तोफ युरोपने दिलेली, चांगली होती म्हणे. पण गोळे येत नव्हते. सभा व्हायच्या, टाळ्या वाजायच्या, एवढे देऊ तेवढे देऊ म्हणायचे, आणि हे सैनिक तिकडे खड्ड्यात बसून रोजचे गोळे वाटून घ्यायचे. बायको ऐकून म्हणाली, "या या म्हणायचं आणि दार आतून लावून घ्यायचं. अशी माणसं आमच्या गावात पण होती."

मग एक दिवस बाईने दुसरी गोष्ट सांगितली. हेच युरोपवाले रशियाचाच गॅस जाळून घरं गरम ठेवतात. बरीच वर्षं तसंच चालत आलंय. आता कमी केलाय म्हणतात, पण जहाजांतून येतोच, आणि तेल दुसऱ्याच्या नावाने येतं. त्याचे पैसे जातात रशियाला. बायकोला हे काही केल्या पटेना. रात्री जेवताना मला विचारलं, "अहो, ज्या घरातून रोज विस्तव मागून आणायचा, त्याच घरावर दगड मारायला लेकराला कसं काय पाठवतात? आणि लेकरू दुसऱ्याचं." मी म्हटलं, मोठ्या लोकांचं तसंच असतं. ती म्हणाली, "आपला पण तेलातच आहे."

आमचा मुलगा तेलाची खरेदी-विक्री करणाऱ्या एका कंपनीत आहे. बुकित तिमाहसारख्या महागड्या भागात कॉन्डो आहे, मुलगी मोठ्या शाळेत आहे. पुढच्या रविवारी तो आला तेव्हा हिने त्याला पाण्याचा ग्लास द्यायच्या आधी विचारलं, तुझी कंपनी रशियाचं तेल विकते का रे? त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस गेले होते, वर रुमाल होता. म्हणाला, "नाही गं आई. तुझी शपथ. आम्ही त्याला हातसुद्धा लावत नाही."

त्याच संध्याकाळी ती डबा घेऊन समोर गेली. मी दारात उभा होतो. तिने त्या बाईचे दोन्ही हात धरले आणि तिच्या तोडक्या इंग्रजीत सांगितलं की माझा मुलगा नाही, माझा मुलगा रशियाचं तेल घेत नाही, मी वचन देते. बाई रडायला लागली. गोधडी पोलंडवरून पोचली. म्हातारीचा गोधडी पांघरलेला फोटो आला, तो हिने उशीखाली ठेवला. गेली तेव्हा तो मी काढला.

गेल्या महिन्यात मी मुलाकडे जेवायला गेलो होतो. त्याला बढती मिळाली होती. खुशीत होता, फोनवर फोटो दाखवत होता. भर समुद्रात लाँचमध्ये उभा, डोक्यावर हेल्मेट, मागे दोन टँकर एकमेकांना चिकटून, मध्ये तेलाचे पाइप. मी त्यातल्या जवळच्या जहाजाकडे बघितलं. सवयच ती. मागच्या बाजूला पांढऱ्या रंगात नवं इंग्रजी नाव. आणि त्याच्याखाली, तिरक्या उन्हात, दुसरी अक्षरं.

ती मी ओळखली. कारण ती मी काढली होती. पुष्कळ वर्षांपूर्वी एक रशियन जहाज दुरुस्तीला आलं होतं, तेव्हा मला कागदाचा साचा दिला होता, त्यांच्या भाषेतल्या अक्षरांचा. त्यांतली अर्धी मला उलटीच वाटली होती. परांची तोकडी पडली म्हणून शेवटचं अक्षर माझ्याकडून दोन बोटं खाली आलं. फोरमनने आईवरून शिव्या घातल्या होत्या. फोटोतही ते अक्षर दोन बोटं खालीच होतं.

मी म्हटलं, हे रशियाचं जहाज आहे. नात मान वर न करता इथल्या बोलीत म्हणाली, "आजोबा, ओल्ड शिप लाह, नाव चेंज करतात." मुलाने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. लहानपणी प्रगतिपुस्तक तसंच ठेवायचा.

मी विचारलं, तेल कुठलं आहे? त्याने आधी कागदांचं सांगितलं. कागदावर देश दुसरा असतो. मी म्हटलं, कागद मला वाचता येत नाहीत, तेल कुठलं ते सांग. मग सांगितलं. तिकडचंच. समुद्रात या जहाजातून त्या जहाजात जातं, दुसऱ्या तेलात मिसळतं, आणि घेणारे कोण, तर युरोपातलेच. त्यांना ठाऊक असतं. आपला मायदेशही घेतो, उघड घेतो, त्याला काय म्हणाल, बाबा? एका कंपनीने नाही केलं तर दुसरी करते.

मी म्हटलं, "देशाने तुझ्या आईच्या डोक्यावर हात ठेवला नव्हता."

सून उठून आत गेली. त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "तिची औषधं याच पगारातून आली, बाबा. तेव्हा तिला काय सांगायला हवं होतं मी?"

मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. जन्मभर टँकरच जोडले, आत काय भरणार ते कधी विचारलं नाही. पण मी कुणाची शपथ घेतली नव्हती. खरं सांगितलं असतं तर तिने औषध सोडलं असतं का? सोडलं असतं, ती तशी होती. म्हणून तो खोटं बोलला असेल. पण मग त्या बाईचे हात धरायला तिला जाऊ द्यायचं नव्हतं. तो तेव्हा सोफ्यावर बसून दारातून बघत होता.

तीन आठवडे मी गप्प बसलो. मेलेल्या बाईचा शब्द आहे, राहू दे खरा, असं वाटायचं. पण रोज कॉरिडॉरमध्ये ती बाई भेटायची, मावशीची आठवण काढायची, आणि मला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. शेवटी चिवडा केला. शेंगदाणे करपले. तो बायकोच्या त्याच स्टीलच्या डब्यात भरला, कारण ती मोकळ्या हाताने कुणाच्या दारी गेली नाही, आणि समोरची बेल दाबली.

उभ्याउभ्याच सांगितलं. माझं इंग्रजी वाईट आहे, पण एवढ्याला पुरलं. बाईने दाराची चौकट धरली. मावशीला माहीत होतं का, असं तिने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. मग ती म्हणाली, वचनं पुष्कळांनी दिली, टीव्हीवर दिली, सभेत दिली. "हात धरून एकटीनेच दिलं होतं."

डबा तिने घेतला. दार हळू लावलं, आपटलं नाही.

दुसऱ्या दिवशी डबा माझ्या चपलांच्या रॅकवर होता. घासलेला, पुसलेला, चकचकीत. मी उघडला. आत साखरेचा एक दाणा नव्हता.

गुरुवारी मुलाचा फोन आला, जेवलात का विचारायला. मी सांगितलं की समोर जाऊन खरं काय ते बोललो, आणि आईचा डबा रिकामा परत आला. तो म्हणाला, "कुठला डबा?"

मी फोन ठेवला. डबा ओट्यावर आहे, झाकण बाजूला. रोज सकाळी मी त्याच्याकडे बघतो. त्यात काय भरून परत तिच्या दारी जावं, ते मला अजून सुचलेलं नाही.