बशीत राहिलेली फोड

दोन बशांपैकी एक रिकामी झाली होती. दुसरीतली पपईची फोड तशीच होती. मी ऑफिसात जाऊन सचिवांना सांगितलं, "सारिकाला घ्या. मीराचं जमणार नाही."

गेवराईजवळच्या एका विनाअनुदानित शाळेत मी पर्यवेक्षिका होते. विनाअनुदानित म्हणजे पगार सरकार देत नाही, संस्था देते. त्यामुळे बाळंतपणाची रजा म्हटलं की सचिवांच्या कपाळावर आठ्या. "बाई, मला पुरुषमाणसाला इचारता येत न्हाई," ते म्हणायचे. "तुमी बगा काय ते."

मीही विचारत नव्हते. डेमो, म्हणजे वर्गावर पाठ घेऊन दाखवणं, झाला की उमेदवार बायकांना मी चहासोबत पिकलेली पपई द्यायचे. आमच्याकडं दिवस गेलेली बाई पपईला शिवत नाही. खाल्ली तर ठीक. नाही खाल्ली तर नावापुढं पेन्सिलीनं बारीक टिंब. ही युक्ती सचिवांची नव्हती, माझी होती. पाच-सहा वर्षं चालली.

त्या मे महिन्यात गणिताच्या एका जागेसाठी दोघी उरल्या. नांदूरघाटची सारिका चांगली होती. पण मीरानं दहावीच्या जादा तासाची पोरं पटांगणात नेली आणि झेंड्याच्या खांबाची उंची त्याच्या सावलीवरून काढायला लावली. पोरं परत वर्गात यायला तयार नव्हती. टिंब मात्र मीराच्या नावापुढं पडलं.

गणपतीनंतर सारिका माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "मॅडम, रजेचा अर्ज द्यायचाय. सहावा लागलाय."

मी मनात महिने मागं मोजले. मे म्हणजे दुसरा. तोंडातून निघून गेलं, "पण तू तर पपई खाल्लीस."

"खाल्ली," ती म्हणाली. "तुमी ती कशापायी ठेवता ते सगळ्या पोरींना माहीत हाय. बी.एड.ला एकमेकींना सांगतात. तिथं गेलं की बशी रिकामी करायची."

मी तिला समोरच्या खुर्चीवर बसवलं.

"भीती नाही वाटली?"

"लई वाटली. स्टँडच्या मागं जाऊन घशात बोटं घातली. डॉक्टरबाई म्हणल्या, पिकल्या फोडीनं काही होत नसतं. तरी सोनोग्राफीत ठोके ऐकेस्तवर जीव थाऱ्यावर नव्हता." मग म्हणाली, "माझी आई माझ्या वेळी आठवा सरेस्तवर ऊस तोडत होती. म्हणलं, आपल्याला एक फोड खाता येत न्हाई का?"

ती वर्गावर गेली. मला मागच्या सगळ्या रिकाम्या बशा दिसायला लागल्या. त्यातल्या किती जणी स्टँडच्या मागं गेल्या असतील? मी त्या बशा बघून खूश व्हायचे.

सचिव चिडले. "राजीनामा घ्या तिचा."

"कारण काय लिहू?"

"फसवलं म्हणून."

"मग पपईचंही लिहावं लागेल, साहेब."

त्यांना काही माहीत नव्हतं. सगळं सांगितलं.

"बाई, तुमी असलं करत होता?"

"तुम्हीच म्हणाला होता, बघा काय ते."

"बगा म्हणलं होतं. हे न्हवतं म्हणलं."

राजीनाम्याचा विषय तिथंच संपला. रजा मंजूर झाली. पुढं सारिकाला मुलगी झाली, ठणठणीत.

तिच्या रजेपुरती जागा निघाली तेव्हा मीराला मीच फोन केला. ती आली. ऑर्डर पुढं करताना न राहवून विचारलं, "त्या दिवशी पपई का नव्हती खाल्ली?"

"मला तिचा वासच सहन होत नाही, मॅडम. लहानपणापासून. का हो?"

"सहज," मी म्हणाले.

कायमची जागा जिची होती, ती माझ्यासमोर सहा महिन्यांच्या ऑर्डरवर सही करत होती. ते टिंब मी तिला अजून सांगितलेलं नाही.

मुलाखतीला आलेल्या बाईला शिकवायला लावावं. खायला लावू नये. त्यानंतर मी असेपर्यंत आमच्या शाळेत उमेदवारांना नुसता चहा मिळायचा.